भूत उठतें कसें?

३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळीं अमेरिकेंत घरोघरच्या अंगणांत भुतांचा बाजार भरतो. हॅलोवीन नांवाचा हा सण आयर्लंड व स्कॉटलंड येथून गेलेल्या लोकांनीं १९ व्या शतकांत तिकडे रुजविला. मुलें सोंगें घेऊन दारोदार खाऊ मागत हिंडतात, आणि हौशी गृहस्थ त्यांना भिवविण्याकरितां अंगणांत शवपेटी मांडून ठेवितात. मूल जवळ आलें कीं झांकण कुरकुरत वर उठतें व आंतून सांगाडा डोकावतो. भूत खोटें, परंतु त्यास उठविणारें विद्युन्मंडल खरें असून विद्यार्थ्यांनीं अभ्यासावें असें आहे.

या कामीं बहुधा मोटारगाडीची कांच पुसणारी जुनी मोटर घेतात. ती १२ व्होल्टांवर चालते, आणि आंत मळसूत्री दंतचक्र असल्यामुळें तिची गति मंद व जोर मोठा असतो. तिच्या आंसास एक दांडा बसविला म्हणजे एका फेऱ्यांत तो झांकण वर उचलून पुन्हां खालीं आणतो.

हलणाऱ्या माणसाच्या अंगची उष्णता ओळखणारें एक उपकरण पेटीजवळ असतें. तें आर्डुइनो उनोसारख्या तळहाताएवढ्या नियंत्रक पाटीस खूण देतें. पण त्या पाटीच्या एका टोंकांतून सुमारें २० मिलिअँपियर प्रवाहच निर्धास्तपणें घेतां येतो. मोटरीस तर कित्येक अँपियर लागतात. पाटाच्या तोंडची लहानशी फळी उचलून शेतकरी पाण्याचा मोठा लोट सोडतो, त्याप्रमाणें मॉस्फेट हा ट्रान्झिस्टर पाटीच्या क्षीण इशाऱ्यावर मोटरीचा मोठा प्रवाह सोडतो व बंद करितो. हीच उघडझांप सेकंदास शेंकडों वेळां केली, व निम्मा वेळ प्रवाह चालू ठेविला, तर मोटरीस सरासरी ६ व्होल्ट मिळून भूत सावकाश उठतें. मध्यें रोध घालूनही वेग कमी होतो खरा, पण तेथें बरीच शक्ति उष्णतेंत फुकट जाते.

आतां बंद करण्याची गोष्ट. फॅरडेनें १८३१ सालीं विद्युत्प्रवर्तन दाखविलें व लेंझनें १८३४ सालीं त्याची दिशा सांगितली. प्रवाह एकाएकीं तोडला कीं मोटरींतील वेटोळीं त्या बदलास विरोध करितात, आणि क्षणभर १२ व्होल्टांच्या कित्येक पट दाब उत्पन्न होऊन मॉस्फेट जळतो. यासाठीं मोटरीच्या दोन टोंकांमध्यें डायोड, म्हणजे एकाच दिशेनें प्रवाह जाऊं देणारी झडप, उलटी जोडतात. तोडलेला प्रवाह तिच्यांतून फिरत फिरत विझून जातो. दोन आण्यांची म्हणावी अशी ही वस्तु. पण नवशिके नेमकी तीच विसरतात!

गाडीच्या मोटरींत आणखी एक चतुर सोय असते. बटण बंद केलें तरी दांडा कांचेच्या तळाशीं येईपर्यंत आंतील कळ प्रवाह चालू ठेविते. मग तो तोडून मोटरीचीं दोन्ही टोंकें एकमेकांस जोडते. फिरती मोटर तेव्हां जनित्र बनते आणि स्वतःच स्वतःस आवरते. पेटीकरितां तीच कळ उपयोगी पडते, म्हणून झांकण अर्धवट उघडें राहत नाहीं.

मात्र झांकण मिटतांना मुलाचें बोट सांपडलें तर? फ्यूज आहे, असें कोणी म्हणेल. मोटर पुरती अडली कीं प्रवाह कित्येक पट वाढतो व फ्यूज वितळतो हें खरें. पण कोंवळें बोट त्या मोटरीस अडवूं शकत नाहीं, म्हणून फ्यूज शाबूत राहतो. शिवाय मळसूत्री दंतचक्र बाहेरून ढकलून सहसा उलटें फिरत नाहीं. वीज तोडली तरी बोट अडकलेलेंच! याचा उपाय विद्युन्मंडलांत नसून सांध्यांत आहे. दांडा झांकणास खिळ्यानें जखडूं नये, तें नुसतें दांड्यावर टेंकूं द्यावें. मग दांडा झांकण उचलतो, पण खालीं ओढीत नाहीं. तें आपल्या वजनानें मिटतें. झांकण पातळ फळीचें व हलकें करावें, आणि बोट मध्यें आलें तर दांडा तसाच खालीं निघून जातो.