काउंटरवर बसलात तर

कोलकात्यातल्या बालीगंजमध्ये नवं इटालियन रेस्टॉरंट उघडलं की सुरुवातीला टेबल मिळणं कठीण जातं. बारच्या काउंटरवरच्या उंच खुर्च्या मात्र लवकर मोकळ्या होतात आणि तिथेच बसून जेवताही येतं. मला ती जागा मनापासून आवडते. समोर माणूस काम करत असतो, त्याच्याशी गप्पा होतात. पण तुमच्यापैकी कुणाला एखाद्या पदार्थाची अ‍ॅलर्जी असेल, तर त्या खुर्चीवर बसण्याआधी हे वाचा.

माझ्या भाच्याला काजू चालत नाही. सिंधुदुर्गातल्या मुलाला काजू वर्ज्य असणं म्हणजे काय, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. लग्नाची पंगत असो की गणपतीचा प्रसाद, माझी बहीण त्याच्या लहानपणापासून प्रत्येक ठिकाणी विचारत आली आहे. तो माझ्याकडे कोलकात्याला आला होता. गडियाहाटची खरेदी आटोपून आम्ही अशाच एका नव्या ठिकाणी काउंटरवर बसलो. बसल्या बसल्या त्याने बारटेंडरला स्पष्ट सांगितलं, "दादा, काजूची अ‍ॅलर्जी आहे, कशातच नको." त्यानेही नीट ऐकून घेतलं. मग भाच्याने मिनेस्त्रोने मागवलं. मेनूत लिहिलं होतं, भाज्यांचं सूप.

जेनोव्हाकडच्या पद्धतीत या सुपात शेवटी चमचाभर पेस्टो ढवळतात. पेस्टोत मूळच्या पाइनच्या बिया, म्हणजे आपल्या चिलगोज्यासारख्या. त्या महाग, म्हणून आपल्याकडे सर्रास काजू वापरतात. बाटलीबंद इटालियन पेस्टोतही काजू सापडतो. हिरव्या भाज्यांच्या सुपात तो डोळ्यांना दिसत नाही. थोड्याच वेळात भाच्याचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, आवाज घोगरा झाला. "मामा, घसा आवळतोय," एवढंच तो म्हणाला. आम्ही तसेच हॉस्पिटल गाठलं. अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन मिळालं आणि तो सावरला. डॉक्टरांनी त्याला रात्रभर ठेवून घेतलं, कारण अशी रिअ‍ॅक्शन काही तासांनी पुन्हा उलटू शकते.

नंतर मी मॅनेजरशी बोललो. त्याने काही लपवलं नाही. बारमधली ड्रिंकची चिठ्ठी बारवरच निघते, जेवणाची चिठ्ठी, म्हणजे केओटी, आत किचनमध्ये. बारटेंडरने भाच्याच्या ड्रिंकपुरती काळजी घेतली होती, पण केओटीवर अ‍ॅलर्जीचा शब्दच गेला नव्हता. टेबलावर बसलात तर तुमचं जेवण एका वेटरच्या जबाबदारीवर असतं. काउंटरवरचा माणूस मुख्यतः सगळ्या हॉलची ड्रिंक्स बनवत असतो आणि तुमची ऑर्डर त्यातूनच वाट काढत आत जाते. शिवाय नव्या जागेत आचारी वेगवेगळ्या ठिकाणांहून नुकते एकत्र आलेले, मेनू छापून तयार आणि पाककृती अजून बदलत्या. मागच्या आठवड्यात निर्धोक खाल्लेला पदार्थ या आठवड्यात तसाच असेल, असं धरून चालू नका.

म्हणून काउंटरवर बसलात तरी जेवणाची ऑर्डर फ्लोअर मॅनेजरला बोलावून द्या. अ‍ॅलर्जी केओटीवर लिहायला लावा आणि लिहिलेलं डोळ्यांनी बघा. यात संकोच करू नये. चांगल्या किचनला हे विचारलेलं आवडतं, असा माझा अनुभव आहे. मेनूवर अ‍ॅलर्जीची माहिती देण्याचं एफएसएसएआयचं बंधन प्रामुख्याने केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा अथवा जास्त शाखांच्या रेस्टॉरंटांना आहे. एकट्या नव्या जागेच्या मेनूत काही लिहिलेलं नसेल, तर त्याचा अर्थ पदार्थ सुरक्षित आहे असा होत नाही.

बारवर आणखी काही गोष्टी दबा धरून असतात. फ्रान्जेलिको लिकर हेझलनटचं, काही अमारेत्तो लिकरांत बदाम, मॉर्टाडेला सॉसेजात बऱ्याचदा पिस्ते. ज्याला काजू चालत नाही त्याला पिस्ताही बहुधा चालत नाही, दोन्ही एकाच कुळातले. शेकर नुसता विसळून पुढचं ड्रिंक बनत असेल, तर वेगळा धुतलेला मागा. आणि दारू पोटात असताना रिअ‍ॅक्शन अधिक जोराने येऊ शकते; चेहऱ्याची लाली दारूचीच समजून पहिली मिनिटं वाया जातात, ते वेगळंच.

घसा, श्वास किंवा चक्कर यांपैकी काहीही सुरू झालं, तर सेट्रिझिनच्या गोळीवर विसंबू नका. ती खाज कमी करते, श्वास मोकळा करत नाही. त्याला लागतं अ‍ॅड्रेनलिन. ज्यांना आधी एकदा असं झालं आहे त्यांनी ते कसं जवळ ठेवायचं, हे आपल्या डॉक्टरांना आजच विचारावं. माणसाला आडवं करून पाय उंच ठेवा. श्वास लागत असेल तर बसू द्या, पण उभं करून चालवू नका. आणि अस्वस्थ वाटतंय म्हणून तो बाथरूमकडे निघाला, तर एकट्याला जाऊ देऊ नका. चारचौघांत तमाशा नको म्हणून बरेच जण नेमकं तेच करतात, आणि बंद दाराआड कोसळलेला माणूस वेळेवर कुणाच्या नजरेस पडत नाही.