देवडीवरचा कालमापक

संगणकास दिलेल्या आज्ञावलीचा कोणता भाग किती वेळ घेतो, हे नुसते वाचून सांगता येत नाही. ते मोजावेच लागते. एक ठरीव काम करणाऱ्या आज्ञांच्या गटास ‘फंक्शन’ म्हणतात. त्याच्या आरंभी घड्याळ पाहावे, अखेरीस पुन्हा पाहावे व वजाबाकी करावी, हा सरळ उपाय होय. परंतु अशी शंभर फंक्शने असल्यास त्याच ओळी शंभर ठिकाणी लिहाव्या लागतात आणि काम संपल्यावर पुसाव्याही लागतात.

पायथन या भाषेत यासाठी ‘डेकोरेटर’ आहे. त्याचे सुटसुटीत लेखन २००४ साली २.४ या आवृत्तीत आले. शब्दाचा अर्थ ‘सजावट करणारा’. पण तो फसवा आहे, कारण येथे शोभेचे काहीच नसते. वाड्याच्या देवडीवर बसलेला कारकून डोळ्यांपुढे आणावा. कोणी आत गेला की तो वेळ टिपतो, बाहेर आला की पुन्हा टिपतो. आत काय चालले आहे, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. डेकोरेटर मूळ फंक्शनाभोवती असेच वेष्टन घालतो आणि मूळ नाव त्या वेष्टनास देतो. आतून आलेले उत्तर वेष्टनाने जसेच्या तसे पुढे दिले पाहिजे. आपण फंक्शनाच्या व्याख्येवर ‘@’ हे चिन्ह व डेकोरेटरचे नाव एवढी एकच ओळ लिहावयाची.

कारकुनाचे घड्याळ मात्र नीट निवडावे. दिवसाची वेळ सांगणारे घड्याळ संगणक मधूनमधून प्रमाणवेळेशी जुळवून घेतो. नेमकी तेव्हाच मोजणी चालू असेल तर कालावधी ऋणही येईल! २०१२ च्या ३.३ या आवृत्तीपासून मिळणारे ‘पर्फ काउंटर’ कधी मागे जात नाही. मोजणीही अनेकदा करून सर्वांत लहान उत्तर धरावे. संगणकाची इतर कामे सहसा कालावधीत भरच घालतात.

खरी अडचण येते ती स्वतःलाच बोलावणाऱ्या फंक्शनात. ०, १, १, २, ३, ५ या फिबोनाची श्रेणीत प्रत्येक पद मागील दोहोंची बेरीज असते. आरंभीच्या शून्यास शून्यावे पद मानून, याच व्याख्येने ३० वे पद काढू गेल्यास फंक्शन २६,९२,५३७ वेळा बोलावले जाते. मूळ नाव आता वेष्टनाचे असल्यामुळे यातील प्रत्येक हाक देवडीवरूनच जाते. कारकून दर वेळी एक ओळ छापू लागला, तर आपण गणिताचा नव्हे, त्याच्या लेखणीचा वेळ मोजतो. म्हणून गणित करणारे फंक्शन उघडेच ठेवावे, त्याला एकदाच बोलावणारे दुसरे लहान फंक्शन लिहावे आणि डेकोरेटर त्या दुसऱ्यावर लावावा. मग घड्याळ दोनदाच पाहिले जाते.