बॅटरी बदला, पण गाडीची आठवण राखा



गळीत हंगाम तोंडावर आला की ट्रॅक्टर, जीप, पिकअप यांच्या बॅटऱ्या बदलण्याची एकच घाई उडते. पूर्वी हे काम अगदी सोपे होते. दोन नट सैल करावयाचे, जुनी उचलून बाहेर, नवी आत, की गाडी चालू. आता मात्र वेगळीच तक्रार ऐकू येते : "बॅटरी नवी घातली आणि गाडीच बिघडली." काचेचे बटण एकदा दाबले की काच पुरती वर जायची, ती आता जात नाही. रेडिओ कोड मागतो. इंजिन जागेवर हेलकावे खाते. समोर पिवळा दिवा लागून राहतो. अशा वेळी गाडी बिघडलेली नसते, ती विसरलेली असते. ती विसरू नये म्हणून काय करावे, आणि ते करताना हात व गाडी दोन्ही कशी सांभाळावी, याचा विचार या पाठात करू.

१. गाडीला आठवण कोठून आली?

जुन्या डिझेल इंजिनात पंप यांत्रिक होता. एकदा इंजिन सुरू झाले की त्याला बॅटरीची गरजच नसे. पुढे गाड्यांत कॉम्प्युटर आले. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ ची अट लागू झाली आणि साध्या पिकअपचे इंजिनसुद्धा कॉम्प्युटरच्या हुकुमावर चालू लागले. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरना ट्रेम-४ ची अट आली, आणि तीच गोष्ट शेतात येऊन पोहोचली.

या कॉम्प्युटरची आठवण दोन प्रकारची असते. एक पक्क्या वहीसारखी : शाईने लिहिलेली, वीज गेली तरी न पुसणारी. दुसरी पाटीसारखी : वीज आहे तोवर अक्षर राहते, वीज गेली की पाटी कोरी.

पक्क्या वहीत काय असते? एकूण किलोमीटरचा आकडा, किल्लीची खूण, इंजिन चालवण्याचा मूळ हिशेब. बॅटरी काढली तरी हे जात नाही. तेव्हा "बॅटरी काढली तर किल्ली चालणार नाही" ही भीती सहसा निराधार आहे.

पाटीवर काय असते? घड्याळ, रेडिओची स्टेशने, काचा कोठवर जातात याची खूण, इंजिनाने वापरातून शिकून घेतलेले हवा-इंधनाचे बारीक हिशेब, आपोआप बदलणाऱ्या गिअरच्या सवयी, आणि काही गाड्यांत स्टिअरिंगचा मध्य. गाडीगाडीप्रमाणे यात फरक पडतो. म्हणून गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका आधी काढून वाचावी. ती बहुधा सीटखाली किंवा कपाटात धूळ खात असते.

२. आधी ठरवा : आठवण राखणे जरूर आहे का?

पुष्कळ गाड्यांत फक्त घड्याळ आणि रेडिओ जातो. तेवढ्यासाठी खटाटोप करू नये. बॅटरी सरळ बदलावी आणि घड्याळ लावून मोकळे व्हावे. रेडिओ कोड मागणारा असेल, काचा-छत विजेवर चालत असेल किंवा गिअर आपोआप बदलणारे असतील, तर मात्र आठवण राखण्यात अर्थ आहे.

आणि एक गोष्ट. बॅटरी इतकी बसली असेल की समोरचे दिवेही लागत नाहीत, तर पाटी आधीच पुसली गेली आहे असे समजावे. मग राखायचे तरी काय?

३. चालू इंजिनवर बॅटरी काढू नका

आपल्याकडे एक जुनी रीत आहे. दोन ट्रॅक्टर, चांगली बॅटरी एकच. पहिला सुरू करायचा, चालू इंजिनवरच बॅटरी काढायची आणि दुसऱ्याला लावायची. यावरून काहींनी असे काढले की, इंजिन चालू ठेवून बॅटरी बदलली तर वीज तुटत नाही आणि आठवणही राहते. ही समजूत फार महागात पडणारी आहे. या पाठातील एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ही ठेवा.

कारण असे. उपसा योजनेची पाइपलाइन जोरात चालू असताना पुढचा व्हॉल्व एकदम बंद केला तर काय होते? पाण्याला जायला वाट राहत नाही, दाब उसळतो आणि पाइप फुटतो. अल्टरनेटर म्हणजे मोटर आणि बॅटरी म्हणजे हौद समजा. अल्टरनेटर बॅटरीत वीज भरत असताना बॅटरी एकदम सुटली, तर त्याच्या आतील चुंबकाचा जोर त्याच क्षणी उतरत नाही. वीज येतच राहते आणि दाब उसळतो. १२ व्होल्टच्या गाडीत हा दाब क्षणभर ८० ते १०० व्होल्टपर्यंत चढू शकतो. नव्या अल्टरनेटरमध्ये तो ३५ व्होल्टच्या आसपास थोपवणारे डायोड असतात, पण त्या भरवशावर राहू नये. जुन्या ट्रॅक्टरवर या झटक्याने फार तर बल्ब उडत. आता त्याच तारांवर इंजिनचा कॉम्प्युटर बसलेला आहे. घड्याळ वाचवायला जाऊन कॉम्प्युटर जाळणे हा व्यवहार कोणालाच परवडणारा नाही.

४. योग्य रीत : दुसरी बॅटरी जोडणे

इंजिन बंद, आणि बदलण्याच्या वेळेपुरती दुसऱ्या बॅटरीची वीज, ही खरी रीत. उभी, झोपलेली गाडी फार थोडी वीज खाते. चांगल्या गाडीत ती ५० मिलिअँपिअरच्या आत असते. म्हणून फवारणी पंपाची १२ व्होल्ट, ८ अँपिअर-अवरची सीलबंद बॅटरी या कामाला पुरते. मात्र ती लेड-अॅसिडची असावी, लिथियमची नको, आणि पूर्ण चार्ज केलेली असावी. ९ व्होल्टची छोटी चौकोनी बॅटरी सिगारेट-लायटरच्या भोकात लावण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नये. ती दुबळी असते, आणि बऱ्याच गाड्यांत किल्ली बंद केली की ते भोकही बंद होते.

सामान : वरील बॅटरी, चिमटे लावलेल्या दोन वायर, प्लसच्या वायरमध्ये १० अँपिअरचा फ्यूज, पाना, जुन्या सायकल ट्यूबचे दोन तुकडे, रबरी हातमोजे, चष्मा.

क्रम असा ठेवावा :

(अ) रेडिओचा कोड असल्यास लिहून घ्यावा. गाडी मोकळ्या हवेत उभी करावी, हँडब्रेक लावावा, एक काच खाली ठेवावी. किल्ली काढून खिशात ठेवावी, म्हणजे दारे लॉक झाली तरी पंचाईत होत नाही. हातातील अंगठी, कडे, घड्याळ काढावे. बिडी-काडी लांब. बॅटरीतून निघणारा हायड्रोजन हवेत ४ टक्के मिसळला तरी पेट घेतो.

(आ) बॉनेट उघडून दहा-पंधरा मिनिटे थांबावे. किल्ली बंद केल्यावरही कॉम्प्युटर थोडा वेळ जागा राहून आपले हिशेब वहीत उतरवत असतो. यानंतर काम संपेपर्यंत दार उघडू नये. दार उघडले की आतले दिवे लागतात आणि छोट्या बॅटरीवर भार पडतो.

(इ) दुसऱ्या बॅटरीचा प्लस गाडीच्या प्लस वायरच्या लगवर पकडावा, बॅटरीच्या खांबावर नव्हे, कारण खांब तर बाहेर जाणार आहे. मायनसचा चिमटा इंजिनच्या उघड्या, स्वच्छ लोखंडावर, बॅटरीपासून लांब लावावा. फ्यूज लागलीच उडाला तर जुनी बॅटरी फारच बसलेली आहे. मग हा नाद सोडून साध्या रीतीने बदलावे.

(ई) आधी मायनसची लग सोडवावी, मग प्लसची. आणि इथेच खरा धोका आहे. एरवी मायनस सुटला की गाडीत वीज राहत नाही, पाना कोठे लागला तरी चालते. आता तसे नाही. दुसरी बॅटरी जोडलेली असल्याने प्लसची लग सुटल्यावरही जिवंतच असते. प्लसचा नट सोडवताना पाना बॉडीला लागता कामा नये. लग सुटताक्षणी तिच्यावर सायकल ट्यूब चढवावी, दुसरा तुकडा मायनसच्या लगवर, आणि दोन्ही वायर दोन बाजूंना बांधाव्यात. फ्यूज यासाठीच घातला आहे. चुकून लग लोखंडाला लागलीच तर फ्यूज जाईल, वायर पेटणार नाही. आठवण मात्र जाईल.

(उ) जुनी बॅटरी उभीच उचलावी, आडवी करू नये. बैठकीवर पांढरे-निळे खार साचले असतील, तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन कोरडे करावे. नवी बॅटरी ठेवण्यापूर्वी तिचे प्लस-मायनस जुन्याच बाजूंना आहेत ना, हे दोनदा पाहावे. उलट जोडलेली बॅटरी एका क्षणात अल्टरनेटर आणि कॉम्प्युटर दोन्हींना खाऊ शकते.

(ऊ) आधी प्लस, मग मायनस घट्ट करावा. पट्टी आवळावी. सैल बॅटरी उसाच्या फडातील खाचखळग्यांत लवकर मरते. मग दुसऱ्या बॅटरीचा मायनस काढावा, नंतर प्लस. तिची वायर जोडलेली असताना स्टार्टर मारू नये. शेवटी टर्मिनलांवर व्हॅसलीन लावावे.

ओबीडीच्या १६ पिनांच्या सॉकेटमधून वीज देणारी तयार वायरही बाजारात मिळते. त्यातील १६ नंबरची पिन बॅटरीच्या प्लसची, तर ४ व ५ नंबरच्या अर्थच्या. वापरायला सोपी, पण प्लसची लग जिवंत राहण्याचा धोका तिच्यातही तेवढाच.

५. ट्रक आणि काही विशेष गाड्या

ऊस वाहतुकीच्या बहुतेक मोठ्या ट्रकांत १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. तेथे वरील रीत वापरू नये. बीएस-६ ट्रकात सायलेन्सरसाठी युरियाच्या द्रावणाची टाकी असेल, तर किल्ली बंद केल्यावर त्याचा पंप नळीतील द्रावण मागे ओढून घेत असतो. ते पुरे होण्याआधी बॅटरी सोडली तर नळीत युरियाचे खडे धरतात. पुस्तिकेत सांगितले असेल तितका वेळ थांबावेच.

सिग्नलला आपोआप बंद-चालू होणाऱ्या गाडीला साधी बॅटरी घालू नये. तिला ईएफबी किंवा एजीएम जातीचीच लागते. काही गाड्यांना नवी बॅटरी आल्याचे स्कॅनरने कळवावेही लागते. हे काम जाणत्या मिस्त्रीकडूनच करून घ्यावे.

६. आठवण गेलीच तर

घाबरण्याचे कारण नाही. अॅक्सिलरेटरला पाय न लावता इंजिन सुरू करून पाच-दहा मिनिटे जागेवर चालू द्यावे, मग गाडी थोडी फिरवावी. हिशेब पुन्हा बसत जातो. काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद तसेच ओढून धरावे. बऱ्याच गाड्यांत एवढ्याने जमते. स्टिअरिंगचा दिवा लागला असेल, तर चाक डावीकडे पुरते, उजवीकडे पुरते फिरवून थोडे सरळ चालवावे. एवढे करूनही दिवा गेला नाही, तर मिस्त्रीला दाखवावे.

शेवटी मीटर लावून पाहावे. रात्रभर उभी असलेली चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी. इंजिन चालू असता बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५ यायला हवे. तेवढे येत नसेल तर दोष बहुधा चार्जिंगमध्ये आहे, आणि नवी बॅटरीही लवकरच बसेल.

जुनी बॅटरी अंगणात टाकून ठेवू नये. तिच्यात शिसे व तेजाब आहे. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे ती परत जमा करावयाची असते. नवी घेताना दुकानदाराला परत द्यावी आणि तिची किंमत बिलातून वजा करून घ्यावी.

सारांश असा की, गाडीची पाटी पुसली तर पुन्हा लिहिता येते, जळलेला कॉम्प्युटर आणि भाजलेला हात मात्र तसा परत येत नाही. म्हणून आठवण राखा, पण इंजिन बंद ठेवून आणि प्लसची लग झाकून. हंगामाची धावपळ सुरू होण्याआधीच सभासदांनी आपापल्या बॅटऱ्या तपासून घ्याव्यात.