कढईसमोर उभा असलेला माणूस

पावसाळा आला की 'उघड्यावरचे खाऊ नका' असे सांगणारा एक लेख या सदरात ठरलेलाच असतो. कावीळ, टायफॉईड, जुलाब हे विषय वाचकांना एव्हाना पाठ झाले असतील. आज मात्र खाणाऱ्याचा विचार थोडा बाजूला ठेवू. एस.टी. स्टँडबाहेर, शाळेच्या फाटकाशी, आठवडे बाजारात जो दिवसाचे दहा-बारा तास कढईसमोर उभा असतो, त्याच्या प्रकृतीचे काय? तोही आमच्याकडे पेशंट म्हणून येतो, पण बहुधा उशिरा येतो. कारण उघड आहे. गाडी एक दिवस बंद राहिली तर त्या दिवसाची कमाई बुडते आणि चिरून, भिजवून ठेवलेला मालही वाया जातो.

या धंद्यातला पहिला धोका भाजण्याचा. भजी, वडे तळण्याचे तेल साधारणपणे १७० ते १९० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेले असते. पाणी उकळते १०० अंशाला. यावरून उकळते पाणी अंगावर पडणे आणि तेल पडणे यांतला फरक लक्षात यावा. शिवाय तेल चिकट असते. ते कातडीवरून पटकन ओघळून जात नाही, तिथेच राहून खोलवर भाजत जाते. माझ्याकडे येणारे असे बरेचसे पेशंट घाणा तळताना भाजलेले नसतात. रात्री दमूनभागून गाडी आवरताना, कढईतले गरम तेल घाईघाईने डब्यात ओतताना हात सटकलेला असतो. म्हणून सांगतो, शेवटचा घाणा निघाला की आधी गॅस बंद करा, बाकीची आवराआवर उरका आणि तेल कोमट झाल्यावरच कढईला हात लावा. अंगात सुती कपडे असावेत. टेरिलिन-नायलॉनचे कापड वितळून कातडीला चिकटते. पायांत रबरी चपलेऐवजी पूर्ण पाऊल झाकणारे काहीतरी हवे.

तेल अंगावर पडलेच तर अंगठी, बांगड्या, घड्याळ लगेच काढा, कारण थोड्याच वेळात सूज येते. भाजलेल्या जागेवर साधे थंड पाणी सतत २० मिनिटे सोडा. गाडीवर नळ नसतो, म्हणून एक स्वच्छ पाण्याची कळशी केवळ याच कामासाठी भरून ठेवावी आणि तांब्या-तांब्याने ओतत राहावे. कळशी संपत आली तर शेजारच्याला हाक मारावी, तो नाही म्हणत नाही. बर्फ लावू नये. हळद, शाई, दात घासायची पेस्ट, बटाट्याचा कीस यांपैकी काहीही थापू नये. ते खरवडून काढताना पेशंटला दुप्पट यातना होतात. फोड फोडू नका, चिकटलेला कपडा ओढू नका. धनुर्वाताच्या इंजेक्शनाबद्दल डॉक्टरांना आठवणीने विचारा. चेहरा, हाताचा पंजा किंवा सांधा भाजला असेल तर जखम लहान दिसली तरी दाखवलीच पाहिजे, कारण आखडलेली बोटे पुढे झारा धरू देत नाहीत.

कढईतल्या तेलानेच पेट घेतला तर त्यावर पाणी कधीही ओतू नये. पाण्याची क्षणात वाफ होते आणि पेटते तेल चहूकडे उडते. गॅस बंद करून कढईवर लोखंडी झाकण ठेवावे. त्या मापाचे झाकण रोज हाताशी हवे.

भाजण्याचे आणखी एक कारण आहे, ते वैद्यकाच्या पुस्तकात सापडत नाही. अतिक्रमणवाल्यांची गाडी आली अशी हाकाटी झाली की पेटत्या शेगडीसह हातगाडी पळवली जाते. उकळते तेल, सिलिंडर, मागे धावणारी पोरे! २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार सर्वेक्षण पूर्ण होऊन विक्रीचे प्रमाणपत्र दिले जाईपर्यंत विक्रेत्याला हटवता येत नाही, आणि नंतरही हटवायचे तर ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. कारवाई कुठे व्हावी, कुठे नको, हे मी सांगणार नाही. पण विस्तव विझवायला पाच मिनिटे मिळाली तरी काही हातपाय वाचतील, एवढे डॉक्टर म्हणून सांगणे मला भाग आहे.

आता पायांकडे वळू. पायांतले रक्त वर हृदयाकडे चढवण्याचे काम पोटऱ्यांचे स्नायू करतात, आणि ते चालतानाच नीट होते. एका जागी तासन् तास उभे राहिले की रक्त खालीच साचते, शिरांतल्या झडपा सैल पडतात, पोटरीवर निळ्या गाठाळ शिरा दिसू लागतात. पुढे घोट्याच्या आतल्या बाजूला कातडी काळी पडते, खाजते आणि तिथे जखम झाली की महिनोन् महिने भरत नाही. गिऱ्हाईक नसेल तेव्हा टाचा उचलून दहा-वीस वेळा चवड्यांवर उभे राहावे. जवळ स्टूल ठेवावे आणि त्यावर बसायची लाज वाटू देऊ नये. रात्री पाय उशीवर घेऊन पडावे. इलॅस्टिकचे मोजे उपयोगी पडतात, पण मधुमेह असेल किंवा चालताना पोटऱ्या भरून येत असतील तर विचारल्याशिवाय घालू नयेत.

धुराची गोष्टही तेवढीच महत्त्वाची. तेच तेल पुन्हापुन्हा तापवले की ते लवकर धुरकटते. अशा तेलाबद्दल १ जुलै २०१८ पासून सरकारी नियम लागू आहे, आणि तो गिऱ्हाइकाच्या हितासाठी आहे असेच सगळे समजतात. वास्तविक गिऱ्हाईक दोन वडे खाऊन निघून जाते, धूर मात्र तळणाऱ्याच्या छातीत दिवसभर जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात, उच्च तापमानावर तळताना निघणारा धूर 'बहुधा कर्करोगकारक' या गटात टाकला आहे. पावसात गाडीला तिन्ही बाजूंनी ताडपत्री बांधतात, तेव्हा वाऱ्याच्या दिशेचा विचार करून एक बाजू मोकळी सोडावी. कणसे, कबाब भाजणाऱ्यांनी तर याकडे जास्तच लक्ष द्यावे, कारण कोळशाचा विषारी वायू दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. डोके जड होऊन मळमळू लागले की ताबडतोब मोकळ्या हवेत जावे.

शेवटी भगिनींविषयी. पोळीभाजीच्या, चहाच्या, भज्यांच्या गाड्या चालवणाऱ्या कितीतरी जणी दिवसभर पाणीच पीत नाहीत. जवळ जाण्याजोगे स्वच्छतागृह नसते, असले तरी गाडी कोणाच्या भरवशावर सोडायची? मग शेगडीच्या झळा, घाम आणि तुंबवून ठेवलेली लघवी यांतून जळजळ सुरू होते. 'उन्हाळी लागली' म्हणून सब्जा, धने-जिऱ्याचे पाणी घेतले जाते. ते जरूर घ्यावे, पण जंतुसंसर्ग त्याने जात नाही. शेजारच्या दोघीतिघींनी आळीपाळीने एकमेकींची गाडी सांभाळावी आणि दर तीन-चार तासांनी जाऊन यावे. लघवीला जळजळ होऊन थंडी वाजून ताप आला, किंवा बरगडीखाली पाठीत दुखू लागले, तर मूत्रपिंडापर्यंत जंतू पोहोचल्याची शंका घ्यावी आणि गाडी बंद ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.