कर्नेलशी संवाद : मार्गांची निवड



ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा म्हणजे कर्नेल. मेमरी, डिस्क, कीबोर्ड, नेटवर्क यांवर त्याचे थेट नियंत्रण असते. आपण वापरतो ते प्रोग्राम मात्र या साधनांना परस्पर हात लावू शकत नाहीत. प्रोसेसर त्यांना मर्यादित अधिकारांतच चालवतो. म्हणून एक प्रोग्राम बिघडला, तरी सगळा संगणक सहसा बंद पडत नाही. परंतु साधी फाइल उघडायची, तरी प्रोग्रामला कर्नेलकडे मागणी करावी लागते. ही मागणी कोणकोणत्या मार्गांनी करता येते आणि नव्या कामासाठी मार्ग कसा निवडावा, हे आपण लिनक्सच्या उदाहरणाने पाहू.

१) सिस्टीम कॉल : प्रोग्राम ठरलेला क्रमांक प्रोसेसरच्या रजिस्टरमध्ये ठेवून विशेष आज्ञेद्वारे कर्नेलला पाचारण करतो. इंटेल पद्धतीच्या ६४ बिटी संगणकावर वाचण्याचा क्रमांक ०, लिहिण्याचा १ आणि फाइल उघडण्याचा २ आहे. सर्वांना लागणाऱ्या मूलभूत कामांसाठी हा मार्ग आहे. पुढील तिन्ही मार्ग याच पायावर उभे आहेत.

२) आयऑक्टल : हा १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीपासूनचा मार्ग. कॅमेऱ्यासारख्या उपकरणाला त्याच्या खास आज्ञा देण्यास तो सोयीचा आहे. मात्र प्रत्येक ड्रायव्हर आपापल्या आज्ञा ठरवू लागला, की एकसूत्रीपणा हरवतो.

३) सिसएफएस : येथे कर्नेलमधील माहिती फाइलच्या रूपात दिसते. ‘एका फाइलीत एकच मूल्य’ हा तिचा संकेत. तापमानाच्या फाइलीत ४५००० असे दिसले, तर ते ४५ अंश सेल्सिअस समजावे. कारण नोंद अंशाच्या हजाराव्या भागात असते. छोटी नोंद वाचण्यास वा बदलण्यास हा मार्ग उत्तम. अनेक मूल्ये एकदम बदलण्यास तो गैरसोयीचा.

४) नेटलिंक : नेटवर्कची केबल निघाली, हे प्रोग्रामने वारंवार विचारत बसण्यापेक्षा कर्नेलनेच कळवावे, हे बरे. नेटलिंकमध्ये कर्नेल असा संदेश स्वतःहून, एकाच वेळी अनेक प्रोग्रामांना पाठवू शकतो.

निवड करताना तीन प्रश्न विचारावेत. काम सर्वांचे की एकाच उपकरणाचे? माहिती एका मूल्याची की गुंतागुंतीची? बोलण्याची सुरुवात कोण करणार?

यांहून महत्त्वाचा प्रश्न काळाचा आहे. कर्नेल बदलल्यामुळे वापरकर्त्याचा चालता प्रोग्राम बंद पडू नये, हा लिनक्सचा कटाक्षाने पाळला जाणारा नियम आहे. म्हणून एकदा खुला केलेला मार्ग पुढे वर्षानुवर्षे सांभाळावा लागतो. ३२ बिटी संगणकांवर १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ज्या संख्येत मोजले जात, तिची मर्यादा १९ जानेवारी २०३८ रोजी संपते. यावर उपाय म्हणून २०१९ साली लिनक्सच्या ५.१ आवृत्तीत नवे सिस्टीम कॉल नव्या क्रमांकांनी जोडले गेले. जुने मात्र तसेच राखले. कारण त्यांवर विसंबून असलेले प्रोग्राम आजही चालू आहेत आणि त्यांच्या वापरकर्त्यांना ही अंतर्गत रचना ठाऊकही नसते.

इतिहासाच्या अभ्यासकाला यात ओळखीचे काही दिसते. पूर्वसूरींनी घेतलेला निर्णय पुढच्या पिढ्यांना वागवावा लागतो. आपल्यापैकी जे आज प्रोग्राम लिहीत आहेत किंवा उद्या लिहिणार आहेत, त्यांनी नवा मार्ग खुला करण्यापूर्वी असलेल्या मार्गाने काम भागते का, हे आधी तपासावे.