घरच्या पाण्याची शुद्धि : आधीं परीक्षा, मग यंत्र

ज्यांचें सारें घर विहिरीच्या वा विंधनविहिरीच्या पाण्यावर चालतें, अशा वाचकांनीं जलशुद्धीचें यंत्र घेण्यापूर्वीं पाणी प्रयोगशाळेंत तपासून घ्यावें, अशी आमची विनंति आहे. दोष कळल्यावांचून यंत्र घेणें म्हणजे रोग न पाहतां औषध देणें होय.

गढूळपणा वाळूच्या गाळणीनें जातो, जंतू क्लोरिननें मरतात. गढूळ पाण्यांत क्लोरिनचा गुण कमी पडतो. म्हणून गाळणी आधीं. साऱ्या घरास बहुधा एवढें पुरतें.

परंतु खतांतून व उकिरड्यांतून झिरपणारें नायट्रेट यानें जात नाहीं. पाणी उकळल्यास तें आटून नायट्रेटचें प्रमाण उलट वाढतें. भारतीय मानक १०५०० (२०१२) प्रमाणें लिटरमागें ४५ मिलिग्रॅम ही त्याची मर्यादा आहे. त्याहून अधिक नायट्रेट तान्ह्या मुलांस विशेष घातक असतें. नायट्रेट, फ्लोराइड व क्षार यांवर आर्. ओ. यंत्र उपयोगी पडतें. मात्र त्यांत बरेंच पाणी वायां जातें. सबब तें पिण्याच्या व स्वयंपाकाच्या नळापुरतेंच बसवावें.

जड पाणी मऊ करणारें यंत्र चुना काढून बदल्यांत सोडियम देतें, व तें वरचेवर मिठाच्या पाण्यानें धुवावें लागतें. हें खारें पाणी शेतांत वा परसांत सोडूं नये. सोडियमनें काळी जमीन चोपण होते. घरच्या सोयीसाठीं जमीन बिघडविणें कोणाही शेतकऱ्यास परवडणार नाहीं.