आराखड्यातून वेबपान

तंजावरहून पट्टुकोट्टैकडे जाणाऱ्या रस्त्यावर ओरत्तनाडु हे गाव लागते. तंजावरचे मराठी राजे दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी तेथे मुक्तांबा यांच्या नावाने एक छत्र उभारले. छत्र म्हणजे वाटसरूंना अन्न व निवारा देणारी संस्था. या छत्रात मुलांच्या शिक्षणाचीही सोय होती. एखाद्या शाळेला ही माहिती वेबपानाच्या रूपाने सर्वांपुढे ठेवावयाची आहे, असे समजू. ती कोणत्या स्वरूपात लिहिली असता दीर्घकाळ उपयोगी पडेल, हा प्रस्तुत पाठाचा विषय होय.

१. आराखडा

निबंध लिहिण्यापूर्वी मुद्दे मांडण्याची रीत विद्यार्थ्यांच्या परिचयाची आहे. हेच मुद्दे संगणकावर केवळ साध्या अक्षरांत पुढीलप्रमाणे लिहिता येतात:

* ओरत्तनाडूचे छत्र
** संस्थापक
*** सरफोजी यांची कारकीर्द
** कार्य
- वाटसरूंना अन्न
- मुलांना शिक्षण

ओळीच्या आरंभी जितक्या तारका, तितकी त्या मथळ्याची पातळी खोल. आडव्या रेघेने यादीतील बाब सुरू होते. तारकांची ही पद्धत ‘ऑर्ग-मोड’मध्ये वापरतात. कार्स्टन डॉमिनिक या खगोलशास्त्रज्ञाने २००३ साली तो तयार केला. २००४ साली जॉन ग्रुबर यांनी प्रसिद्ध केलेल्या ‘मार्कडाउन’मध्ये तारकांऐवजी दुसरे चिन्ह मथळ्यासाठी योजिले आहे, तत्त्व मात्र एकच.

२. लायब्ररीचे कार्य

ब्राउझरला तारकांचा अर्थ कळत नाही. त्याला एचटीएमएल ही खुणांची भाषा समजते. तीत प्रत्येक मथळ्याच्या आधी व नंतर कोनी कंसांतील खूण असते. हे रूपांतर करण्यासाठी लायब्ररी वापरतात. येथे लायब्ररी म्हणजे पुस्तकालय नव्हे. एकाने लिहून व तपासून ठेवलेला आणि इतरांना आपल्या प्रोग्रॅममध्ये वापरता येणारा आज्ञांचा संच होय. जॉन मॅकफार्लेन या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांनी २००६ मध्ये आरंभिलेला ‘पॅनडॉक’ हे याचे प्रसिद्ध उदाहरण आहे.

लायब्ररी प्रथम एकेक ओळ वाचून ती मथळा, यादी की परिच्छेद हे ठरवते. नंतर कोणता मथळा कोणाच्या पोटात येतो हे तिला शोधावे लागते. यासाठी मडक्यांच्या उतरंडीची कल्पना करावी. पहिल्या पातळीचे मोठे मडके तळाशी, त्यावर दुसऱ्या पातळीचे, त्यावर तिसऱ्या पातळीचे. आता ‘कार्य’ हा दोन तारकांचा मथळा आला. त्याच्या बरोबरीची आणि त्याहून लहान मडकी, म्हणजे ‘कारकीर्द’ व ‘संस्थापक’, ही उतरवून ठेवावयाची. उरलेल्या उतरंडीत सर्वांत वरचे मडके ‘छत्र’ हे आहे. तेच ‘कार्य’ या मथळ्याचे स्थान. याप्रमाणे पूर्ण वृक्ष तयार झाला, की लायब्ररी तो मुळापासून फांद्यांपर्यंत फिरून खुणा लिहीत जाते.

एचटीएमएलमध्ये मथळ्यांच्या सहाच पातळ्या आहेत. आराखडा त्याहून खोल गेल्यास पुढील मुद्दे यादीच्या रूपाने दाखविणे हा एक मार्ग होय.

३. दोन सावधगिरीच्या गोष्टी

मजकुरातच डावा कोनी कंस आला, तर ब्राउझर त्याला खुणेचा आरंभ समजण्याचा संभव असतो. म्हणून लायब्ररी त्याच्या जागी ठरलेले सांकेतिक रूप लिहिते. हे रूप & या चिन्हाने सुरू होते. त्यामुळे मजकुरातील & आधी बदलावे लागते, कंस नंतर; क्रम उलटला तर सांकेतिक रूपच बिघडते.

दुसरी गोष्ट लिपीची. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत साठविले जाते. पान यूटीएफ-८मध्ये असल्याचे आरंभी सांगितले नाही, तर मराठीऐवजी निरर्थक चिन्हे दिसू शकतात. तंजावरच्या दरबाराचे पुष्कळ मराठी कागद मोडी लिपीत आहेत. मोडीला युनिकोडमध्ये स्थान २०१४ साली मिळाले. तेव्हापासून मोडी मजकूरही साध्या अक्षरांच्या आराखड्यात लिहिण्याचा मार्ग मोकळा झाला आहे.

४. रचना आणि शोभा

कोणी म्हणेल, मथळा ठळक व मोठा केला म्हणजे झाले. एवढा खटाटोप कशास? डोळस वाचकाला ठळक ओळ मथळाच वाटेल. परंतु अंध वाचक पान ऐकतो. त्याचा वाचक-प्रोग्रॅम मथळ्यांच्या खुणांवरून एका भागातून दुसऱ्या भागात उडी घेतो. खूण नसेल, तर ‘कार्य’ हा भाग गाठण्यासाठी त्याला आधीचे सारे ऐकत बसावे लागते. मथळ्याची खूण ही अशी वाट दाखविणारी पाटी आहे. शोभा ही नंतरची गोष्ट होय.

म्हणूनच मूळ म्हणून आराखडा जपावा, आणि वेबपान ही त्याची एक प्रत समजावी. उद्या पानाची पद्धत बदलली तरी त्याच आराखड्यातून नवे पान काढता येईल, आणि छापील पुस्तिकाही.

सरावासाठी

आपल्या गावातील एखाद्या जुन्या वास्तूचा तीन पातळ्यांचा आराखडा लिहावा. नंतर एका मथळ्याची एक तारका मुद्दाम कमी करावी आणि कोणता मुद्दा कोणाच्या पोटात गेला, हे उतरंड मांडून पाहावे.